उरलेल्या फरश्यांचे इरण्णाकाका

आमच्या दारावर एकदाच टक झालं की मी समजायचे, काहीतरी थांबवायचं आहे. एकतर पाण्याची मोटर, नाहीतर पोरांचा दंगा, नाहीतर मीच. दोनदा, टक टक झालं की खुशाल दार उघडायचं, बातमी चांगली असणार. दारात एक लांबलचक माणूस उभा असायचा, मान पुढं झुकवून, डोक्यावर छत टेकतंय अशा थाटात. छत चांगलं हातभर वर असायचं, पण इरण्णाकाकांच्या मानेला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

काका सिटी बसचे कंडक्टर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते बरोब्बर आमच्या डोक्यावर, तिसऱ्या. सगळी नोकरी त्या बुटक्या बसगाड्यांमध्ये वाकून उभं राहण्यात गेली. रिटायर झाले त्या दिवशी गळ्यात हार, हातात नारळ घेऊन जिना चढून आले आणि आमच्या दारातच जाहीर केलं, "बाई, संपलं बघा. आता कुणाम्होरं वाकायचं न्हाय. छताम्होरं बी न्हाय." एवढं बोलून वर गेले आणि स्वतःच्याच घराच्या चौकटीत सवयीनं वाकून शिरले. मागं नातेवाईक हसत होते आणि काकांना कळेना, कशाला हसतायत.

नोकरी सुटली तरी कंडक्टरकी सुटली नाही. लग्नात बुफेच्या रांगेत कुणी पनीर हुडकत उभा राहिला की मागनं आवाज यायचा, "पुढं सरका, पुढं सरका, पुढं मोकळंच हाय!" जिन्यात आम्ही बायका बोलत थांबलो की, "दारात गर्दी करू नका, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या." बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये पाण्यावरून भांडण पेटलं की काका स्टीलच्या ग्लासवर चमचा एकदाच मारायचे. टण्! एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंट्या म्हणजे चला. हे बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक, त्यामुळं भांडणारे खरंच थांबायचे. जरा वेळानं काका स्वतःच टण् टण् करून परवानगी द्यायचे, की भांडण पुढच्या स्टॉपकडं निघायचं.

त्यांचा एक नियम मात्र मी डोळ्यांनी बघितलाय. मी तेव्हा कुंभारीच्या शाळेत शिकवायला जायचे, बऱ्याचदा त्यांच्याच बसनं. लांबून एखादी म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन, हात हलवत येताना दिसली की काका घंटीची दोरी सोडून द्यायचे. ड्रायव्हर हॉर्न मारून मारून लाल. आतले पॅसेंजर ओरडतायत, "ओ कंडक्टर, द्या की डबल!" काका ढिम्म. म्हातारी येणार, पाटी आत सरकवणार, दांडा धरणार, मग काका विचारणार, "चढलीस का गं आई?" तिनं व्हय म्हटल्यावरच टण् टण्. त्यापायी साहेबांचे मेमो इतके आले की घरी त्यांच्यावर सांडगे वाळवले, असं तेच सांगायचे. "पॅसेंजर चढल्याबिगर मी डबल दिलेली न्हाय. गाडी लेट तर लेट." हे म्हणायला सोपं हो. इकडं शाळेतली प्रार्थना रोज माझ्याशिवाय व्हायची आणि हेडबाईंची बोलणी मी खायची.

दुसरं वेड स्वस्ताचं. कंजूष म्हणणार नाही मी त्यांना, घरी गेलेला माणूस उपाशी आला असं कधी झालं नाही. पण पुरी किंमत मोजून वस्तू आणली की त्यांना झोप लागत नसे. सोलापुरात राहून चादर दुकानातनं घ्यायची, हे त्यांच्या लेखी वेड्याचं काम. ते डिफेक्टचा माल हुडकून आणायचे. त्यांच्या घरच्या एका चादरीवर मोर होता, त्याला पिसारे दोन आणि डोकं नव्हतं. "झोपल्यावर मोराचं डोकं बघतंय कोण?" असं वर आपल्यालाच विचारायचे. गॅलरीत भंगारातनं आणलेली बसची सीट होती. ती एका अंगाला कलंडलेली, म्हणून पाहुण्यानं वळणावर बसल्यासारखं बसायचं.

काकू म्हणजे महादेवीकाकू काकांच्या कोपराएवढ्या. माहेर अक्कलकोटकडचं, कानडी घर. त्यांची माया मराठीत आणि राग कानडीत. "साकु माड्री!" असा आवाज आला की वरच्या मजल्यावर काकांचं काहीतरी अती झालंय आणि आता पुरे करायचंय, हे आमच्या पोरांनासुद्धा कळायचं.

आता ओट्याची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्या ओट्यापासून सुरू झालं. बिल्डिंग बांधत होते तेव्हा बिल्डरनं विचारलं, ओटा किती उंच करायचा? काकू बाळंतपणाला माहेरी. काका म्हणाले, "उंच करा चांगला. दिवसभर वाकून मान मोडतीय, घरात तरी वाकायला नको." आता या बाबानं त्या ओट्यावर जन्मात काय केलं? उभ्यानं चहा प्यायला! आणि जिला दोन्ही वेळ भाकऱ्या थापायच्या तिच्या छातीला ओटा आला. काकू लाकडी पाटावर चढून स्वयंपाक करायच्या. पाटावरून उतरून डबा घ्यायचा, परत चढायचं. मीठ विसरलं की परत उतरायचं. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, हा ओटा बांधलाय तरी कुणासाठी?" तर म्हणतात, "झालं की बाई आता. ओटा काय कमी करता येतोय व्हय?" मला असा राग आला होता!

मग काकूंचे गुडघे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. हळूहळू खाली उतरणं बंद झालं. भाजीवाला आला की गॅलरीतनं दोरीला बांधून टोपली खाली, मेथी वर. गड्ड्याच्या जत्रेत त्या गॅलरीत उभ्या राहून लांबच्या पाळण्यांचे दिवे बघायच्या. पाटावर चढणंही जमेना, मग हात खांद्याच्या वर उचलून भाकरी थापायची आणि रात्री खांद्याला तेल चोळायचं. एकदा मी बसले होते, तर म्हणाल्या, "मला काय जास्तीचं नको हो बाई. दारात खुर्ची टाकून बसायचंय. येणाऱ्याजाणाऱ्याला या, बसा म्हणायचंय. हितं वर कोण येतंय?"

काका पलीकडं पेपर वाचत होते. पान उलटायचं राहिलं त्यांचं. मग एक दिवस सकाळीच आमच्या दारावर टक टक.

"बाई, घर विकायला काढलं. कुंभारीच्या वाटेला एक खालचं घर बघून आलोय. पायरी एक बी न्हाय. दारात लिंबाची सावली हाय. मालक दिवाळीपतुर थांबतो म्हणालाय. तवर हे घर गेलं पायजे, म्हंजे ही खाली उतरली."

घर जाईना. आणि त्याला कारण स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी. गुडघे धड होते तेव्हा काकूंनी वर्षानुवर्षं त्या फरशीवर लोखंडी खलबत्ता ठेवून शेंगाची चटणी कुटलेली. ती चटणी आख्ख्या बिल्डिंगनं खाल्ली, तेव्हा फरशी फुटण्यात आमचाही वाटा होताच. गिऱ्हाईक हॉल बघून खूश व्हायचं, गॅलरी बघून खूश व्हायचं. स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की फरशी डुगडुग करायची आणि फटीतनं एक झुरळ बाहेर येऊन, कोण आलंय ते बघून, परत जायचं. त्याच फटींतलं पाणी झिरपून माझ्या छताला ओल आली होती, ती वेगळीच. एजंट म्हणाला, "काका, एवढी फरशी बदला. घर हातोहात जातंय बघा."

काका भाव काढायला गेले ते पांढरेफटक होऊन परत आले. जुनी फरशी फोडायची, डबर तीन जिने उतरवायचं, नवी आणायची, ती चढवायची. "बाई, मी घर विकायलोय का फरशी?" असं म्हणून जिन्यातच बसले.

दुसऱ्या दिवशी परत टक टक.

"तुमच्या माळ्यावर उरलेल्या फरश्या असतील की."

आहेत ना. कुणाकडं नसतात? घर बांधलं की चार फरश्या जास्तीच्या ठेवायच्याच, पुढंमागं फुटली तर तसली परत मिळत नाही म्हणून. मग त्या माळ्यावर नाहीतर गच्चीत टाकीखाली पडून राहतात. फुटत काहीच नाही आणि टाकून द्यायला जीव होत नाही. काका हे जाणून होते. बिल्डिंगभर, मग गल्लीभर फिरले. कुणाकडं निळी, कुणाकडं गुलाबी, कुणाकडं फुलाफुलांची, एकीकडं तर लाकूड असल्याचं सोंग करणारी. सगळ्यांनी आनंदानं दिल्या. माझ्याकडं ओटा करून राहिलेले कडप्प्याचे दोन तुकडे होते, काळेकुळकुळीत, चांगले जाड. एक दिला. एक ठेवला, पुढंमागं लागला तर असावा म्हणून.

जुनी फरशी फोडायचीच नाही, तिच्यावरच ही बसवायची, हा काकांचा बेत. फोडणं वाचलं, डबर वाचलं. गवंडी म्हणून वळसंगचा भाचा आला. त्याचा हात गिलाव्यावर बसलेला. फरशी त्यानं म्हशीच्या गोठ्यात तेवढी घातली होती. माल कालवायला जागा नाही म्हणून स्वयंपाकघराचं दार काढून गॅलरीत आडवं टाकलं आणि त्याच्यावर सिमेंट कालवलं.

काम सुरू झालं. माझा कडप्पा बघून काका हरखले. "राजा माणूस हाय हा! ओट्याम्होरं बसवा ह्याला." बसवला. आता बाकीच्या फरश्या बारीक, त्यांना राजाच्या बरोबरीला आणायचं तर खाली माल घालायला हवा. घातला. तरी खालीच, आणखी घातला. काका चौकटीत उभे राहून तव्यावर उलथण्यानं हुकूम सोडत होते. टण्, थांब. टण् टण्, टाक. भाचा टाकतोय, टाकतोय. दाराचं भान कुणालाच नाही, कारण दार तर गॅलरीत सिमेंट खात पडलेलं.

माल वाळला. मीही बघायला वर गेले, माझ्या छताची ओल थांबते का हा माझा स्वार्थ. फरशी दिसत होती मोठी रंगीत, बोहारणीनं गाठोडं सोडल्यासारखी. काकांनी आणि भाच्यानं दार उचलून आणलं, बिजागऱ्यांवर चढवलं आणि लोटलं. दार फरशीला थटून जे अडकलं, ते ना आत ना बाहेर. सगळी जमीन चांगली वर आली होती.

"कापायचं," काका म्हणाले. सुताराला कशाला पैसे? दार काढून भिंतीला टेकवलं, करवत आणली, आणि खाली आलेली कड दोघांनी घाम गाळून कापली. परत चढवलं. पूर्वीसारखंच अडकलं, आणि वरनं मात्र उजेड यायला लागला. दार उलटं टेकवलं होतं! वरची बाजू कापली होती! मग खालचीही कापली. आता वरनं हॉलचा पंखा दिसायचा आणि खालनं मांजर ये-जा करायचं. तेवढ्यात भाचा सिलिंडर ओट्याखाली सरकवायला गेला, तर सिलिंडरचं डोकं ओट्याला आपटलं. तोही आत बसेना.

"साकु माड्री!" काकू हॉलमधनं ओरडल्या. "घर विकायचं होतं का मोडायचं होतं?"

दिवाळी तोंडावर आलेली. असलं दार आणि असला सिलिंडर बघून घर कोण घेणार, हे त्यांनाही दिसत होतंच. भाचा हळूच चपला घालून वळसंगला निघून गेला. माझ्या तोंडावर आलं होतं, स्वस्तात करा आणखी! पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

काकू भिंत धरत, त्या नव्या उंचवट्यावर कशाबशा पाय टाकत आत आल्या. काहीही झालं तरी संध्याकाळच्या भाकऱ्या चुकत नाहीत. परात घेतली, पीठ घेतलं, ओट्याशी उभ्या राहिल्या, मळलं, थापायला लागल्या. दोनचार थापट्या झाल्या आणि त्यांचा हात थांबला. आधी खाली पायाकडं बघितलं. मग ओट्याकडं. मग स्वतःच्या कोपराकडं.

"अहो," त्या म्हणाल्या, "बघा की. हात बरोबर पडतोय."

आम्ही बघत राहिलो. पाट गॅलरीत होता. जमीनच पाटाएवढी वर आली होती. काकू राजा कडप्प्यावर उभ्या राहून, कुठंही न चढता, खांदा न उचलता भाकरी थापत होत्या आणि हसत होत्या. मला इतकं बरं वाटलं की ओलीचं विचारायचंच राहिलं.

काका गॅलरीत जाऊन त्या कलंडलेल्या सीटवर बसले. मी निघताना म्हणाले, "ओटा कमी करता येत न्हाय म्हणून बसलो मी. फरशी वर करता येत होती की, बाई. इतकी वर्सं."

आता गिऱ्हाईकं. फरशीची कीर्ती झाली होती, आणि ज्यांनी ज्यांनी दिली त्यांना वाटायचं, आपली कशी दिसते ते बघावं. गिऱ्हाईक आलं की बायका वर हजर. एकदा एक सोवळंओवळं पाळणारं कुटुंब आलेलं, आजोबांच्या कपाळावर विभूतीचे पट्टे. आखूड दार, बाहेर राहिलेला सिलिंडर, त्यांनी सगळं गोड मानून घेतलं होतं. सून म्हणाली, "कलरफुल आहे." एजंटनं सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात तळमजल्याच्या वहिनी पुढं झाल्या आणि कौतुकानं बोट दाखवून म्हणाल्या, "ती निळी आहे ना, ती आमच्या संडासातली."

आजोबांचा एक पाय निळ्या फरशीवर होता. तो त्यांनी असा उचलला की मला वाटलं, आता पडतात. मंडळी जिना उतरूनही गेली. मागनं काका ओरडतायत, "उरलेली हाय ओ ती! लावलेली न्हाय! तिनं संडास बघितलेलं बी न्हाय!"

त्या रात्री आमच्या डोक्यावर कसलाही आवाज नव्हता. दुसऱ्या दिवशी काका भेटले तर म्हणाले, "मालकाचा फोन आलता. दुसरं गिऱ्हाईक लागलंय म्हणतोय त्येला." एवढंच. मला पहिल्यांदा वाटलं की काकू काही आता खाली उतरत नाहीत.

आणि मग रफीकभाई आले. टेम्पोचा धंदा, सोबत त्यांच्या अम्मा, काकूंपेक्षाही बोटभर बुटक्या. पण जिना अशा चढल्या की एजंट मागं राहिला. रफीकभाईंनी कापलेलं दार बघितलं, फरशी बघितली आणि तोंड फिरवून हसू दाबलं. मी तळमजल्याच्या वहिनींचा हात घट्ट धरून उभी होते.

अम्मा सरळ ओट्याशी गेल्या. ओट्यावर दोन्ही हात ठेवले आणि रिकामीच पोळी लाटून बघितली, इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"रफीक, इदर आ रे. देख, हात कैसा बराबर आरा."

"अम्मा, फरशी तो देखो."

"देखी ना. उसपे पावां रखने के हैं, खाना थोडी है."

काकू पुढं झाल्या. "तुमचे बी खांदे दुखत्यात का हो?"

"रात रात भर, बहन. ओटे क्या की, सब मरदां अपने नापके बनाते."

काकूंनी काकांकडं बघितलं. काका छताकडं बघायला लागले. मग काकू म्हणाल्या, "एक सांगते. ती निळी संडासची उरलेली हाय." काकांनी डोळे मिटले. अम्मा एवढ्या मोठ्यानं हसल्या, की खाली आमच्याकडं ऐकू गेलं असेल. "धो लेतूं मैं," त्या म्हणाल्या. "रफीक, येइच घर लेव. दुसरा नक्को."

काकांच्या हातात चहाचा चमचा होता. त्यांनी तो ओट्यावर दोनदा आपटला. पण किती हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

रफीकभाईंचा इसार घेऊन काकांनी त्याच दिवशी कुंभारीच्या वाटेचं घर पक्कं केलं. मग काकू खाली उतरल्या तो दिवस. खुर्चीत बसवून रफीकभाईंच्या माणसांनी उचललं, आणि काका पुढं धावत प्रत्येक मजल्यावर ओरडत होते, "बाजूला व्हा, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या!" तळमजल्यावर काकूंनी चप्पल काढली आणि नुसताच पाय मातीवर ठेवला. आम्ही सगळ्या बायका डोळे पुसत होतो आणि काका टेम्पोत उरलेल्यातल्या उरलेल्या फरश्या चढवत होते.

आठवड्याभरात दारावर टक टक.

"बाई, तो दुसरा कडप्पा हाय का?"

"कशाला हो? तिकडं पण फरशी फुटली?"

"फरशी नवीकोरी हाय. पण ओटा तिला उंच हाय की." मग जरा लाजून, "म्हणलं, ह्या बारीला आधीच बघावं."

दिला. काकांनी तो ओट्यासमोर, खाली माल घालून, पाटाएवढा चौथरा करून बसवला. काकूंना उभं करून करून माप घेतलं म्हणे. काकू साकु साकु म्हणेपर्यंत.

पुढं काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी स्कूटीवरून भेटायला गेले. दारात लिंबाची सावली, खुर्ची होती, पण रिकामी. काकू आत कॉटवर, शेजारी वॉकर. आणि स्वयंपाकघरात काका. त्या चौथऱ्यावर उभे. आधीच एवढा उंच माणूस, त्यात पाटभर वर चढलेला, आणि खाली शेगडी. कमरेत वाकलेला, मान पुढं, बसमध्ये तिकिटं फाडताना वाकायचा तसाच. भाकरी थापत होता. भाकरी गोल नव्हती, पण होती.

"बघा ह्यांची तऱ्हा," काकू म्हणाल्या. "पाठ धरलीय, रात्री कण्हत्यात. मी म्हणते, फोडून टाका तो चौथरा. माझा पाय तर त्याच्यावर चढंना झालाय. मी काय आता परत उभी राहतीय का, कुणी सांगावं..."

काकांनी न वळता उलथणं तव्यावर मारलं. टण्.

काकू थांबल्या. मीच म्हटलं, "खरंच काका, काढा की बऱ्या होईपर्यंत. तुम्ही तर म्हणाला होता, आता वाकणार नाही."

"म्हणालो होतो की." भाकरी उलटली त्यांनी. "पर ही जागा माझी न्हाय, बाई. हिची हाय. ती येईस्तवर मी धरून उभा हाय."

त्या क्षणी तो माणूस मला फार आवडला, आणि ओट्यावरून इतकी वर्षं मनात धरलेला राग कुठं गेला कळलं नाही.

मग वास आला. "करपली! अहो, करपली की!" काकूंना राहवेना. वॉकर ओढला आणि उठल्याच. एक एक पाऊल टाकत, कानडीत बडबडत स्वयंपाकघरात गेल्या आणि चौथऱ्याच्या कडेला येऊन थबकल्या. पाटाएवढी तर उंची. काका झटकन खाली उतरून बाजूला झाले. आपला दंड त्यांच्यापुढं धरला, बसच्या दांड्यासारखा.

"भाकरी बघा आधी," काकू म्हणाल्या.

"जळू दे भाकरी. घाई न्हाय. पॅसेंजर चढल्याबिगर डबल न्हाय."

काकांनी एका हातानं काकूंना धरलेलं, दुसऱ्या हातात उलथणं तसंच वर उचललेलं. माझं तिथं काही काम नव्हतं. मी हळूच बाहेर आले, चप्पल घातली, लिंबाखाली स्कूटीवर जाऊन बसले. उशीर झाला होता. करपलेल्या भाकरीचा वास अंगणभर पसरला होता. किल्ली लावली, पण गाडी काही सुरू केली नाही, तशीच बसून राहिले.

खूप वेळानं आतनं ऐकू आलं, टण् टण्.

मग मी गाडी सुरू केली.